पाकोळीच्या गालावरचा भोवरा

मी, मारुतराव रामजी खराडे, वय वर्षे पंचाहत्तर, मूळ गाव तालुका माण, जिल्हा सातारा, हल्ली राहणार मौजे कासनपूर, तहसील बादली, जिल्हा झज्जर, हरियाणा. धंदा आधी सैन्यात दफेदार-नालबंद आणि निवृत्तीनंतर घोड्यांची खरेदी-विक्री. हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही आणि मी कोणत्याही नशेत नाही. साखर वाढली आहे, डावा गुडघा कामातून गेला आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, तिथी सांगितली आणि त्यांच्या टेबलावरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे हेही सांगितलं.

सन २०१६ मध्ये मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते रद्द समजावं. त्यात घरदाराची वाटणी बरोबर होती, पण मुख्य गोष्ट लिहायची मी टाळली होती. नुसतं घरदार वाटायचं असतं तर आताही एका पानात भागलं असतं. कागद वाढला तो एका खोट्यामुळे. ते खोटं मी सन २००६ मध्ये माझ्या दिवंगत मित्राच्या पत्नीला, श्रीमती सखुबाई खंडेराव माने यांना, सांगितलं. त्या आजही ते खरं मानून जगत आहेत. ते खोटं होतं हे त्यांना कळावं आणि पटावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

कागद मराठीत आहे, कारण सखुबाईंना मराठीच वाचता येतं. माझ्या वकील केतकी सबनीस यांचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि त्या दिल्लीत वाढल्या. मराठी बोलतात चांगलं, पण मी 'भोवरा' म्हणालो तेव्हा त्यांनी विचारलं, "काका, भोवरा म्हणजे लट्टू ना?" मी म्हणालो, तो नव्हे, घोड्याच्या अंगावर केस जिथे गोल फिरतात तो. त्या म्हणाल्या, "अच्छा, अच्छा," आणि लिहून घेतलं. तेव्हा पुढे जिथे धंद्यातला शब्द येईल तिथे मी तो उलगडून सांगणार आहे. वाचणाऱ्याने कंटाळू नये.

कलम १. घर. कासनपूरचं घर, खालच्या दोन खोल्या, अंगण आणि पागा, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती माझा मुलगा उदयसिंह आणि मुलगी सुनयना यांना निम्मी-निम्मी द्यावी. वरची माडी यात धरू नये, तिचं कलम ७ मध्ये लिहिलं आहे. उदयसिंह दिल्लीत कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या अतिथिगृहाच्या जुन्या इमारतीत नोकरीला आहे आणि माझ्याशीही फायलीतलंच बोलतो. घराचं काय करणार विचारलं तर म्हणतो, "बाबा, मी तुम्हाला यावर रिव्हर्ट करतो." तीन वर्षं झाली. मुलगा गुणी आहे, त्याला जागा बिल्डरला द्यायची आहे आणि बापाचं मन दुखवायचं नाही, म्हणून हे रिव्हर्ट. माझ्यामागे त्याने खुशाल द्यावी, अट एकच आहे आणि ती कलम ५ मध्ये आहे.

कलम २. बँकेत आणि पोस्टात जे काही असेल ते दोघा भावंडांनी सारखं घ्यावं. पेन्शनच्या कागदांची पिशवी गव्हाच्या कोठीमागे आहे. माझी पत्नी चंद्रप्रभा हिने ती तिथे ठेवली होती. ती सन २०१८ मध्ये गेली, पण तिने ठेवलेली वस्तू हलवायची माझी अजून छाती होत नाही.

कलम ३. हत्यारं. नालबंदीचा हातोडा, चिमटा, कानस आणि खूर कापायची सुरी हे सैन्यातून निवृत्त होताना माझ्या उस्तादांनी मला दिलेलं आहे. गावात जो नालबंद येतो त्याला ते द्यावं, आणि पैसे घेऊ नयेत. पागेच्या कोपऱ्यात गोणीत बांधलेले जड नाल मात्र कुणालाही देऊ नयेत. ते भट्टीत घालून वितळवावेत.

ते नाल कशाचे हे मुलांना ठाऊक नाही, म्हणून लिहितो. मी जे घोडे विकले ते चालीचे घोडे. या चालीला आपल्याकडे रवाल म्हणतात, इकडे रेवाल. रवाल घोडा उसळत नाही, दुडकत नाही, एका लयीत सरकत जातो आणि स्वाराला खोगिरात धक्का बसत नाही. पारख अशी करतात की काठोकाठ भरलेला दुधाचा पेला हातात घेऊन बसायचं आणि मैदानाला दोन फेऱ्या मारायच्या. थेंब सांडला नाही तर घोडा खरा. ही चाल रक्तात असावी लागते. नसेल तर एका बाजूचे दोन्ही पाय दोरीने जखडतात, पायात दुप्पट वजनाचे नाल ठोकतात आणि महिनाभर फिरवतात. पाय दुखतात म्हणून घोडा ते तसे टाकायला लागतो आणि गिऱ्हाइकाला ती चाल वाटते. वर्षभरात खांदा जातो. तोवर घोडा दुसऱ्याच्या दारात असतो. सैन्यात मी चोवीस वर्षं घोड्यांचे पाय जपले आणि निवृत्तीनंतर हे केलं. मला याची लाज वाटते.

कलम ४. माण तालुक्यातली वडिलोपार्जित जमीन माझा पुतण्या युवराज कसतो. सातबाऱ्यावर माझं नाव होतं ते त्याने कधी आणि कसं कमी केलं हे मला कळलं नाही. कळल्यावर मी फोन केला तर म्हणाला, "काका, तुम्ही दिल्लीकर झालात." जमीन त्याला लखलाभ होवो. माझ्या वारसांनी त्यावर दावा करू नये आणि त्याला माझ्या तेराव्याला बोलावूही नये.

कलम ५. पागेत आता एकच घोडी उरली आहे, तांबडी, वय बावीस. ती माझी नात अपूर्वा हिच्या नावे करत आहे. अपूर्वाला घोड्यावर बसता येत नाही आणि मराठीत तिची गाडी मध्येच अडते. मोठ्यांना अहोजाहो करायचं असं तिला शिकवलं, तेव्हापासून ती तांबडीलाही "अहो, जरा सरका ना" म्हणते. आजवर मी पाहिलेल्या माणसांत घोड्याशी इतक्या अदबीने कोणी बोललेलं नाही. तांबडी जिवंत असेपर्यंत पागा पाडू नये. हीच ती अट.

कलम ६. आता मूळ गोष्ट.

खंडेराव माने आणि मी एकाच आठवड्यात भरती झालो आणि एकाच वर्षी निवृत्त झालो. तो स्वार, मी नालबंद. मुलांच्या शाळा दिल्ली छावणीत चालू होत्या म्हणून आम्ही दोघेही गावी परतलो नाही, कासनपूरला भिंतीला भिंत लावून राहिलो. मी व्यापारात पडलो. खंडेराव पडला नाही. तो फार्महाउसवाल्यांच्या मुलांना घोड्यावर बसायला शिकवायचा आणि मला म्हणायचा, "मारुती, तू घोडा विकतोस तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघत नाहीस." मी हसण्यावारी न्यायचो.

सन २००४ च्या कार्तिकात आम्ही दोघे पुष्करच्या जत्रेला गेलो. सखुबाईवहिनी तळ्यात स्नान करायला म्हणून बरोबर आल्या होत्या. तिथे एका मारवाड्याकडे चार वर्षांची कुमाईत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची, घोडी होती. खंडेरावने दुधाचा पेला हातात घेऊन तिच्यावर दोन फेऱ्या मारल्या. उतरला तेव्हा पेला होता तसा भरलेला होता. त्याने तो तिथेच उभ्याने पिऊन टाकला आणि घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिला. जत्रेत भाव तोंडाने बोलत नाहीत, गमछ्याखाली हात धरून बोटं दाबून सांगतात. खंडेरावचा हात गमछ्याखालून दोनदा रिकामा बाहेर आला. तो म्हणाला, "नको, चला." तेव्हा वहिनींनी हातातल्या पाटल्या काढल्या आणि म्हणाल्या, "घ्या हो. हिला इथं सोडलं तर जन्मभर आठवत बसाल."

घोडीचं नाव त्यांनीच ठेवलं, पाकोळी. गावातल्या लोकांच्या जिभेवर ते बसेना, ते तिला पकौडी म्हणायचे. वहिनी दर वेळी दुरुस्त करायच्या.

सन २००६ च्या ऑक्टोबरात गल्लीत डेंग्यूचा ताप आला. घरटी एक-दोन माणसं आडवी झाली. मीही आठ दिवस पडून होतो. सगळे उठले. खंडेराव सहाव्या दिवशी गेला.

त्याला पंधरा दिवस झाले आणि मी वहिनींकडे गेलो. गुडगावच्या पुढे एका फार्महाउसवाल्याचा पाकोळीवर डोळा होता. त्याने खंडेरावला तीनदा विचारलं होतं आणि खंडेरावने तीनदा नाही म्हटलं होतं. आता मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "नाही, भाऊजी. हिच्या पाठीवर त्यांचा हात आहे. मी हिला ठेवणार. शशिकांत पाठवील त्यात भागवीन." शशिकांत त्यांचा मुलगा, तेव्हा करोल बागेत मामाच्या गलाईच्या दुकानात सोनं-चांदी गाळायचं काम शिकत होता.

घोडीच्या अंगावरच्या भोवऱ्यांना आमच्या धंद्यात फार महत्त्व. दात पाहायच्या आधी भोवरे पाहतात. छातीवरचा चांगला, पाठीवरचा वाईट, अशी त्याची मोठी यादी आहे. सगळ्यांत वाईट तो डोळ्याच्या अगदी खाली, जिथून आसू ओघळेल तिथला. त्याला आंसूढाल म्हणतात. अशी घोडी धन्याला खाते असा समज आहे आणि ती फुकट दिली तरी कोणी दारात उभी करत नाही. मी स्वतः यावर विश्वास ठेवत नाही. सैन्यात आंसूढाल असलेले घोडे मी पाहिले आहेत आणि त्यांचे स्वार पेन्शन घेऊन घरी गेले आहेत. पण वहिनींना हे ठाऊक नव्हतं, आणि त्यांना ठाऊक नाही हे मला ठाऊक होतं.

पाकोळीच्या उजव्या गालावर भोवरा होता. गालावर, डोळ्यापासून चार बोटं खाली. त्या जागेच्या भोवऱ्याला कोणी चांगलं म्हणत नाही की वाईट. मी घोडीच्या तोंडावरून हात फिरवत नेला आणि त्या भोवऱ्यावर बोट ठेवलं.

"वहिनी, हे कधी पाहिलं होतं का?"

"काय ते?"

"हा भोवरा. डोळ्याखाली. इकडे याला आंसूढाल म्हणतात. अशी घोडी धन्याला ठेवत नाही."

त्यांनी वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "जत्रेत तर कोणी बोललं नाही."

"विकणारा कशाला बोलेल?"

वहिनी तिथेच गवतात बसल्या. "भाऊजी, मीच घ्यायला लावली हो त्यांना. ते नको म्हणत होते."

इथे मी थांबू शकलो असतो. चुकलो, नीट पाहिलं नाही, असं म्हणालो असतो तर तेवढ्यावर मिटलं असतं. मी म्हणालो, "आता कोणाला सांगू नका, नाहीतर कोणी घेणार नाही. मी नेतो." म्हणजे मी त्यांच्यावर उपकार केल्यासारखं केलं. त्यांना ते उपकारच वाटले. त्या पैसे घ्यायला तयार नव्हत्या, मी निम्म्या भावाने त्यांच्या हातात कोंबले. वर त्या मला म्हणाल्या, "तुमच्या दारात एक दिवससुद्धा ठेवू नका. चंद्रप्रभाताईंचं कुंकू आहे. आजच्या आज विका." मी आजच्या आजच विकली. गिऱ्हाईक रस्त्यावर गाडी घेऊन उभं होतं.

ठरवून गेलो नव्हतो, तोंडून निघून गेलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खोटं आहे. घरातून निघतानाच मी ठरवलं होतं.

पाकोळी फार्महाउसवर तीन वर्षं जगली. मालक पाहुण्यांसमोर दारूचा ग्लास हातात घेऊन तिच्यावर बसायचा, सांडत नाही हे दाखवायला. चौथ्या वर्षी पोटशुळाने मेली. मला दुसऱ्या घोड्यासाठी बोलावलं तेव्हा हे कळलं.

वहिनी करोल बागेत शशिकांतकडे राहायला गेल्या. त्याच्या लग्नात मी गेलो होतो. अक्षतांच्या वेळी नवऱ्या मुलाची आई कुठे दिसेना. हॉलच्या मागच्या दाराशी, चपलांजवळ उभ्या होत्या. मी बोलवायला गेलो तर म्हणाल्या, "तुम्ही पुढे व्हा, भाऊजी. माझा पायगुण तुम्हाला माहीत आहे. पोराला कशाला?" मी पुढे जाऊन उभा राहिलो आणि अक्षता टाकल्या. नात झाली तेव्हा बारशाला त्यांनी तिला मांडीवर घेतलं नाही असं मला शशिकांतने सांगितलं. त्याला कारण माहीत नव्हतं. त्याला वाटलं आईला मुलगा हवा होता. तो आईवर रागावला होता, आणि मी ऐकून घेतलं.

हे सगळं एकवेळ मी चितेवर घेऊन गेलो असतो. पण पुढे जे झालं त्यानंतर मला स्वतःचं तोंड पाहवेना.

चंद्रप्रभा कॅन्सरने गेली. तेराव्याला वहिनी आल्या. जेवणं झाल्यावर पागेत मला एकट्याला गाठलं आणि माझ्यासमोर हात जोडले. म्हणाल्या, "भाऊजी, मला माफ करा. मी ती घोडी तुमच्या हातात दिली. तुम्ही माझ्यावरचं घेतलंत आणि ते तुमच्या घरावर फिरलं. त्या दिवशी मी तिला सोडून द्यायला हवं होतं. ताई माझ्यामुळे गेल्या."

मी काय केलं तर मान हलवली. "असू द्या," म्हणालो. मी वहिनींच्या नवऱ्याचा मृत्यू त्यांच्या माथी मारला, त्यांनी माझ्या बायकोचाही स्वतःच्या माथी मारून घेतला, आणि मी त्यांना मोठ्या मनाने माफ केलं. माझ्यासारखा नीच माणूस मी घोड्यांच्या बाजारातही पाहिलेला नाही, आणि तिथे मी बरेच पाहिले आहेत.

म्हणून या कलमाने मी जाहीर करतो की पाकोळीला आंसूढाल नव्हती. भोवरा गालावर होता. मी जाणूनबुजून खोटं बोललो, घोडी स्वस्तात मिळावी म्हणून. खंडेरावच्या जाण्याशी त्या घोडीचा, ती घ्यायला लावण्याचा किंवा सखुबाईंच्या पायगुणाचा काडीचा संबंध नाही. चंद्रप्रभाच्या जाण्याशीही नाही.

मी हे त्यांची समजूत घालायला लिहितो आहे असं त्यांना वाटेल. त्या तशा आहेत, दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर घेणाऱ्या. म्हणून पुरावा जोडत आहे. पुष्करला काढलेला एक फोटो माझ्याकडे आहे. खंडेराव लगाम धरून, वहिनी पलीकडे, घोडीचा उजवा गाल पुढे. भोवरा कुठे आहे ते त्यात स्वच्छ दिसतं. हा फोटो कोणत्याही व्यापाऱ्याला दाखवावा. माझ्या तोंडावर विश्वास ठेवू नये.

कलम ७. वरची माडी. ही मी पाकोळीच्या पैशांतून बांधली. चंद्रप्रभाला मी सांगितलं होतं की तीन घोडे एकदम खपले. माडी सखुबाई माने यांना द्यावी असं मी या कागदाच्या पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं. ते का बदललं हे कलम ९ मध्ये येईल. आता माडी विकून येणारी रक्कम सैन्यातल्या विधवांसाठी जी संस्था उदयसिंहला योग्य वाटेल तिला द्यावी, आणि यावर त्याने रिव्हर्ट करू नये, लगेच करावं.

कलम ८. माझं जे काही करायचं ते इथेच करावं, गावी नेऊ नये. खांदा द्यायला चार माणसं मिळाली नाहीत तर गाडी करावी. माझ्याबद्दल कोणी भाषण करू नये. घोड्यांचा मोठा जाणकार होता, असं तर मुळीच म्हणू नये.

कलम ९. हे कलम आज, सह्यांच्या दिवशी, लिहीत आहे.

वरची आठ कलमं लिहून झाली तेव्हा केतकी वकिलांनी विचारलं, "काका, मृत्युपत्र तुमच्यानंतर उघडतं. काकू तुमच्या आधी गेल्या तर?" मला याचा विचार सुचला नव्हता असं नाही. मी मेल्यावर त्यांनी वाचावं, म्हणजे मला त्यांचं तोंड पाहावं लागणार नाही, याच हिशेबाने मी मृत्युपत्राचा मार्ग धरला होता. वहिनी एकाहत्तर वर्षांच्या आहेत आणि दोनदा दवाखान्यात जाऊन आल्या आहेत. मी दोन दिवस फोन हातात घेऊन बसलो आणि तिसऱ्या दिवशी शशिकांतला लावला. आज सोमवार, करोल बागेचा बाजार बंद असतो. तो आईला मेट्रोने ढांसा बस स्टँडपर्यंत आणि पुढे ऑटोने घेऊन आला.

सकाळी अकरा वाजता अंगणात मी, वहिनी, शशिकांत, केतकी वकील आणि शेजारचे उम्मेद सिंह बसलो. उम्मेद सिंहांचं आयुष्य घोड्यांत गेलं आहे आणि ते माझे दुसरे साक्षीदार म्हणून आले होते. केतकी म्हणाल्या, "मी वाचते." मी नको म्हणालो आणि स्वतः वाचलं. कलम ६ वाचताना मी वर पाहिलं नाही. संपल्यावर पाहिलं तर शशिकांत उठून पागेकडे गेला होता, आमच्याकडे पाठ करून उभा होता. वहिनी बसल्या होत्या तशाच होत्या.

त्यांनी कागदासोबतचा फोटो उचलला आणि उम्मेद सिंहांपुढे धरला. "भाईसाब, सच बताना. इनका लिहाज मत करना."

उम्मेद सिंहांनी चष्मा लावून पाहिलं. "ताई, यो तो गाल का भंवर सै. इसनै कौण पूछै सै? आंसूढाल तो आंख के बिलकुल तळै हो सै."

"पक्का?"

"पक्का, ताई. आंधा बी बता देगा."

मग केतकींनी त्यांना कलम ७ चा जुना खर्डा समजावून सांगितला, की माडी तुमच्या नावे होते आहे. वहिनींनी विचारलं, साक्षीदार कोण? केतकी म्हणाल्या, "उम्मेद सिंह आणि मी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून तुम्ही नाही." वहिनी म्हणाल्या, "मग माझं नाव माडीवरून काढा. हे खरं आहे यावर सही मी करणार." केतकींनी त्यांना पुन्हा विचार करायला सांगितलं, जागेची किंमत सांगितली. वहिनी म्हणाल्या, "बाई, तुला ठाऊक नाही. काढ नाव."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मी माफ केलं असं यात कुठं लिहिलंय का?"

"नाही," केतकी म्हणाल्या.

"मग ठीक आहे. ते लिहू नका."

शशिकांत पागेकडून अजून परतलेला नाही. हे कलम मी वहिनींच्या समोर बसून लिहीत आहे. कायद्याने आधी मी सही करायची आणि मग त्यांनी, म्हणून त्या पेन हातात धरून थांबल्या आहेत. आत्ता त्यांनी मला विचारलं, आज पहिल्यांदाच मला थेट विचारलं, "भाऊजी, ताप तर अख्ख्या गल्लीला आला होता. तुम्हालाही आला होता. सगळे उठलात. मग हेच का गेले?"

एकोणीस वर्षांपूर्वी या प्रश्नाचं उत्तर मी एक बोट ठेवून त्यांना दिलं होतं. आज ते मी परत घेतलं आहे. मी म्हणालो, "ठाऊक नाही, वहिनी." त्या अजून माझ्याकडे पाहत आहेत, आणि मला लिहिणं थांबवून सही करायची आहे.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील दोन साक्षीदारांसमक्ष सही करून पुरं केलं.

लिहून देणार:
मारुतराव रामजी खराडे (सही)

साक्षीदार:
१. सखुबाई खंडेराव माने, राहणार करोल बाग, दिल्ली (सही)
स्वहस्ते: माझ्यासमोर वाचलं. मी सगळं ऐकलं.
२. उम्मेद सिंह, राहणार मौजे कासनपूर (सही)

ठिकाण: मौजे कासनपूर, जिल्हा झज्जर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार